आसणपाड्याचं पहिलं पाणी

पाइपाला कान लावला की पाणी पळताना ऐकू यायचं.

लहानपणी आमचा खेळच तो. धरणातून शहराकडे जाणारा बिडाचा पाइप आमच्या आसणपाड्याच्या मधून जातो. दगडी खांबांवरून, कमरेइतका उंच. आम्ही पोरं ओळीने कान लावून उभी राहायचो. आत घुं असा आवाज. कुणी म्हणायचं आत नदी आहे. कुणी म्हणायचं नाग आहे. सोम्या म्हणायचा, "शहरातल्या लोकांना किती तहान लागते बघ, थांबतच नाय."

पाणी आमच्या दारातून जायचं आणि आमच्या आया पाण्यासाठी घळीत उतरायच्या. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पाइप शहराचा, झिरा आपला.

झिरा म्हणजे घळीच्या तळाशी, उंबराखाली, खडकातली एक वाटी. परातीएवढी. खडकाच्या फटीतून पाणी तिच्यात झिरपतं. पावसाळ्यात वाहून जातं, चैत्रात तळहातभर राहतं. मग बाई शेजारी बसते, वाळक्या भोपळ्याचा डवला घेते आणि थोडं थोडं उचलून हंड्यात घालते. हंडा भरला की उठते, दुसरी बसते. भांडण नाही. आरडाओरडा नाही. मी तिथे कधी भांडण पाहिलेलं नाही, आणि मी भांडणं बरीच पाहिली आहेत, कारण मी आता जिल्हा परिषदेत आहे.

ते कसं झालं तेही सांगतो. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं वाचून वाचून शिकलो, वाण्याच्या पुड्या सोडून वाचल्या, जुने पेपर वाचले, एसटी स्टँडवरच्या नोटिसा वाचल्या. दोन हजार दोनच्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचा आमचा गट आदिवासींसाठी राखीव झाला. पार्टीतली दोन मोठी माणसं एकमेकांना पाडायच्या मागे लागली. मी मधून निघालो. लोक म्हणतात कमलेशचं नशीब. नशीबच. मी नाही म्हणत नाही.

निवडून आल्यावर पहिला अर्ज केला तो नळासाठी. एकच नळ. पाइप दारातूनच जातोय, एक भोक पाडायचं.

नगरपालिका म्हणाली, पाडा आमच्या हद्दीत नाही.

जिल्हा परिषद म्हणाली, पाइप आमचा नाही.

दोघांचंही खरं होतं. मी वर्षभर या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरलो आणि शेवटी एका मताच्या फरकाने नगरपालिकेत ठराव झाला. आसणपाड्याला एक सार्वजनिक नळ, उन्हाळ्यापुरता, प्रायोगिक तत्त्वावर. नळाला मीटर. आणि अट अशी की भागाच्या जिल्हा परिषद सदस्याने सर्वसाधारण सभेत स्वतः येऊन पाण्याच्या वापराचा अहवाल द्यायचा. गैरवापर दिसला तर नळ बंद.

'प्रायोगिक तत्त्वावर' हा शब्द मला इतका आवडला की येताना जीपमध्ये दोनतीनदा मोठ्याने म्हटला. ड्रायव्हर लक्ष्या म्हणाला, "कुनाला शिव्या देतोस?"

नळाच्या उद्घाटनाला मी नव्हतो. ठाण्याला बजेटची सभा होती, तिथून पुण्याला नवीन सदस्यांचं प्रशिक्षण. महिना गेला. परत आलो तो मोखाड्याच्या जीपमधून फाट्यावर उतरलो, भर दुपारची वेळ, आणि पाड्याकडे पळतच सुटलो म्हणा ना. नळ बघायचा होता.

नळ दिसला. सिमेंटचा ओटा, त्यावर पिवळा रंग, नळाच्या मानेला झेंडूचा हार, सुकून काळा पडलेला. ओटा कोरडा ठणठणीत. आजूबाजूची माती कोरडी. चिखल नाही, शेवाळ नाही. एक कोंबडी ओट्यावर बसली होती.

आणि घळीतून माझ्या भावाची बायको, बुधी वहिनी, वर येत होती. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, पोटात आठवा महिना. एक हात गुडघ्यावर.

मी पळत जाऊन कळशी घेतली. "वहिनी, नळ बिघडला?"

"नाय. चालू हाय."

"मग?"

"मग काय? आजीला इचार." आणि ती पुढे गेली. दम लागला होता, जास्त बोलायला तिला परवडत नव्हतं.

मी नळ फिरवला. पाणी आलं. केवढ्या जोराने आलं! ओट्यावर आदळून माझी पँट भिजली. समोरच्या झोपडीतून चारपाच पोरं ओरडली, "बंद कर, मेंबर, बंद कर!" मी बंद केला.

धोंडीआजी आमच्या पाड्यातली सगळ्यात म्हातारी. झिऱ्याचं सगळं तिच्याकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झिरा साफ करायचा तर पहिला गाळ ती काढते. नवी सून पाण्याला गेली तर पहिला डवला ती हातात देते. ती दारात मोहाची फुलं निवडत बसली होती.

"आलास काय पुन्याहून? काय शिकलास?"

"आजी, नळाचं पाणी का पीत नाही कुणी?"

"प्यायलं ना. ती बाई प्यायली."

"कोण बाई?"

"तुझी नगरपालिकेची अध्यक्षबाई." आजीने एक फूल उन्हाकडे धरून बघितलं. "चांगली बाई हाय. नारळ फोडला, गूळ वाटला. पोरांच्या गालाला हात लावला. मी कळशी घेऊन हुबी. म्हनलं पयली कळशी भरली की खाली न्यावी, जुन्याला दाखवावी. तर तिनं गिलास भरला नि गटागटा प्यायली. फोटोवाला म्हनला, ताई, अजून एक डाव. तर अजून एक गिलास प्यायली."

मी कपाळाला हात लावला.

आमच्याकडे नवी सून घरात आली की आधी सासूच्या पाया पडते, मग चुलीजवळ जाते. पाण्याचंही तेच. कुठे नवीन विहीर खणली, नवा झरा लागला, तर त्याचं पहिलं पाणी माणसाने प्यायचं नाही. ते जुन्या पाण्यात नेऊन ओतायचं. जुन्याला सांगायचं, ही नवी आली, रागवू नको, आम्ही तुला सोडलेलं नाही. मग सगळ्यांनी प्यायचं. नाहीतर जुनं पाणी रुसून आत निघून जातं, आणि नवं परकं राहतं.

"तिला सांगायचं ना तेव्हाच," मी म्हणालो.

"पाव्हन्याच्या तोंडातला घास काढतात काय?"

"मग आता?"

"जिनं उष्टं केलं तिनं यावं. तिच्याच हातानं पानी खाली जाईल. येईल ती. शानी बाई हाय."

"आजी, तिला कळणार कसं? कुणी सांगितलंय तिला?"

आजीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू हायेस की मेंबर."

मी चिडलो. बरंच काही बोललो. हद्दीचं बोललो, ठरावाचं बोललो, वर्षभर चपला झिजवल्या ते बोललो. शेवटी म्हणालो, "वहिनीचे दिवस भरत आलेत. घळीत पाय घसरला तर?"

"मला दिसत नाय व्हय?" आजीचा आवाज खाली आला. "मी कुनाला अडवलंय? जा, सांग तिला, भर म्हना. कोन नाय म्हनंल?"

खरंच कुणी अडवलेलं नव्हतं. पंच बसले नव्हते, दंड ठरला नव्हता, नळाला कुलूप नव्हतं. मी बुधी वहिनीला सांगायला गेलो. ती म्हणाली, "तुमी प्या आधी, भावजी. तुमी प्यायलात तर मी भरते."

ठीक आहे म्हटलं. गेलो नळाजवळ. जीपमध्ये सकाळपासून घसा सुकला होता. नळ थोडासा सोडला, ओंजळ धरली. ओंजळ भरली. थंड पाणी, स्वच्छ, हातावरची रेघ न् रेघ दिसत होती.

ओंजळ तोंडाकडे जाईना.

मी पुण्याला जाऊन आलेला माणूस. लोकशाही विकेंद्रीकरणावर तीन दिवस भाषणं ऐकून आलेला. कुणी बघत नव्हतं, फक्त ती कोंबडी. आणि माझा हात जागचा हलेना. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा सगळा पाडा महिनाभर या नळाशेजारून रिकामे हंडे घेऊन खाली गेला आणि भरलेले घेऊन वर आला, आणि एकानेही, एका लहान पोरानेही, गुपचूप घोट घेतला नाही. मी ओंजळ हळूच मातीत सोडली आणि घरी जाऊन झिऱ्याचं पाणी प्यायलो.

सभा सोमवारी होती.

नगरपालिकेचा हॉल मला अजूनही दबवतो. उंच छत, लांब दांड्याचे पंखे, भिंतीवर जुन्या राजांचे फोटो, सगळे आपल्याकडेच बघतात. समोर अध्यक्षा नीताताई. आधी हायस्कूलला शिकवायच्या, अजूनही कुणी मधे बोललं की नुसतं बघतात आणि तो गप्प होतो. शेजारी मुख्याधिकारी. दोन बाजूंना नगरसेवक.

माझा विषय शेवटून दुसरा होता. उभा राहिलो. आधी जिल्हा परिषदेची माहिती द्यायची होती ती दिली, मोखाड्याकडचे टँकर कधी सुरू होणार, फाट्याच्या रस्त्याची खडी कुठे अडली, आरोग्य केंद्राला डॉक्टर कधी मिळणार. लोक ऐकत होते, चहा पीत होते. मग आला आसणपाड्याचा नळ.

"पाण्याचा गैरवापर झालेला नाही," मी म्हणालो आणि बसायला लागलो.

"सदस्यसाहेब, बसू नका." हे गौतमशेठ. स्टँडसमोर यांचं किराणा दुकान, ठरावाच्या विरोधात मत यांचं. 'साहेब' म्हणताना मान अशी वाकवली की मागचे दोघं हसले. "मीटर आमचा माणूस बघून आला. काटा जिथं होता तिथंच. गैरवापर नाही, मान्य. पण वापरच नाही! माझ्या वॉर्डात एक दिवसाआड पाणी. बायका दुकानात येऊन मला शिव्या घालतात, गिऱ्हाइकांसमोर. आणि इकडे नळ काय शोभेला लावलाय? काढा तो. माझ्या वॉर्डात लावा."

"अनुमोदन," कुणीतरी म्हणालं. पटकन म्हणालं. आधी ठरलेलं असणार.

गौतमशेठ वाईट माणूस नाही. त्यांच्या वॉर्डातही बायकाच पाणी भरतात, हे मला माहीत होतं.

"कारण काय पण?" मुख्याधिकारी म्हणाले. "पाण्याला वास येतो? गढूळ आहे?"

"नाही, पाणी चांगलं आहे."

"मग पीत का नाहीत?"

मी जीपमध्ये एक वाक्य तयार केलं होतं. 'स्थानिक चालीरीतींमुळे उद्भवलेली तात्पुरती अडचण असून ती लवकरच दूर होईल.' चांगलं वाक्य होतं. कुणाला लागलं नसतं. कुणाला काही कळलंही नसतं, आणि नळ त्याच सभेत गेला असता. बुधी वहिनी डोळ्यासमोर आली, गुडघ्यावर हात ठेवलेली.

"ताई," मी म्हणालो, "पहिलं पाणी तुम्ही प्यायलात. म्हणून."



मग कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. नीताताई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"म्हणजे? मी पाणी बाटवलं?"

"नाही, नाही ताई!" मी टेबलाला धरलं. "बाटलं कसं? तुम्ही परक्या म्हणून नाही. मी प्यायलो असतो तरी हेच झालं असतं. कलेक्टर प्यायले असते तरी. पहिलं पाणी माणसाचं नसतंच, ते झिऱ्याला द्यायचं असतं..." आणि मी सगळं सांगून टाकलं. सून, सासू, कळशी, दोन गिलास. सभेची भाषा कुठे गेली माहीत नाही, घरी बोलतो तसं बोललो. मधे मधे आमच्या पाड्याचे शब्द आले असतील. कुणी अडवलं नाही.

"मला तिथेच का नाही सांगितलं कुणी?" ताई म्हणाल्या.

"आजी म्हणते, पाहुण्याच्या तोंडातला घास काढत नाहीत."

"घ्या!" गौतमशेठनी टेबलावर हात मारला. "म्हणजे महिनाभर नळाशेजारी तहानलेले राहतील, पण पाहुणीला बोलणार नाहीत. कमाल आहे की नाही या लोकांची..." बोलायला गेले टोमण्याने, पण वाक्य संपता संपता आवाज बसला. स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकल्यासारखा त्यांनी टेबलावरचा हात मागे घेतला.

नीताताईंनी समोरचा ग्लास हाताने लांब सरकवला. सभेत प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास असतो, झाकण घातलेला.

"माझं माहेर साखरशेतचं," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कळलं नाही. "नवा भात शिजला की आई पहिला घास पानावर काढून शेतात नेऊन ठेवायची. ती परत येईपर्यंत आम्ही वाफेचा वास घेत बसायचो. भूक लागलेली. पण कुणाचा हात पुढे जायचा नाही. मग नोकरी, लग्न, इकडे आले. कुकर आला." मग एकदम मुख्याधिकाऱ्यांकडे वळल्या. "सभा तहकूब करता येते ना?"

"येते, मॅडम. पण कारण लागेल."

"स्थळपाहणी."

"कशाची? म्हणजे कार्यवृत्तात काय लिहू?"

"आत्ता चला. काय लिहायचं ते आल्यावर सांगते."

नगरपालिकेच्या जीपमध्ये किती माणसं बसू शकतात याचा अंदाज मला त्या दिवशी आला. उरलेले लक्ष्याच्या जीपमध्ये. गौतमशेठ माझ्या मांडीवर अर्धे. "मला काही बघायचं नाही," ते सारखे म्हणत होते, "पण पाहणी आहे तर पाहणी."

पाड्यात गाड्या शिरल्या तेव्हा मला वाटलं धावपळ होईल. काही झाली नाही. धोंडीआजी उठली, फुलांची पाटी बाजूला ठेवली, आत गेली आणि घासलेली तांब्याची कळशी घेऊन बाहेर आली. जणू बाई आज येणार हे ठरलेलंच होतं.

"आलीस?"

"आले, आजी. चुकलं माझं."

"चुकलं कशाचं? तहान लागली व्हती, प्यायलीस." आजीने कळशी पुढे केली. "धर. चप्पल काढ."

ताईंनी चप्पल काढली. पदर खोचला. नळ सोडला. कळशीत पाणी पडायला लागलं तेव्हा पाड्यातली माणसं एक एक करून येऊन उभी राहत होती. कुणी बोलावलं नव्हतं. म्हातारे, बाया, काखेत पोरं, शेतावरून आलेले बाप्ये, हातात कोयते. कुणी ढोल आणला नाही, कुणी काही वाजवलं नाही.

कळशी भरली. मी पुढे झालो, "द्या ताई, घळ अवघड आहे."

"तू बाजूला हो," आजी म्हणाली. "तिचं तीच नेईल. इलेक्शनला दारोदार हिंडलीच असंल ना? मग चालंल."

लोक हसले. ताईही हसल्या. कमरेवर कळशी घेऊन त्यांनी पहिलं पाऊल खाली टाकलं.

एप्रिलचं ऊन. खडक असा तापलेला की मलाच पाय ठेववेना, आणि मी तिथे जन्मलो. ताई दोन पावलं टाकायच्या, थांबायच्या. पाणी हिंदकळायचं, कमरेवरून साडी भिजायची. एकदा पाय घसरला. सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. त्या खाली बसल्या, पण कळशी वर धरलेली. पडू दिली नाही. मागची बाई हात द्यायला पुढे आली, आजीने नुसती मान हलवली, बाई थांबली. ताई आपल्या आपण उठल्या.

आणि आम्ही सगळे मागे. पाडाच्या पाडा. शहराचे नगरसेवक, मुख्याधिकारी, बूट हातात घेतलेले. एवढी माणसं चालताना असं शांत मी कधी ऐकलेलं नाही. फक्त पायाखालची पानं.

उंबराजवळ आलो. घळीच्या दोन्ही उतारांवर लोक बसले, मिळेल त्या दगडावर. ताई झिऱ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. वाटीत पाणी तळहातभर. त्यात उंबराची सावली आणि आभाळाचा एक तुकडा.

"वत," आजी म्हणाली. "हळू. ते म्हातारं हाय."

ताईंनी कळशी वाकडी केली.

मी जवळ होतो, म्हणून बघितलं. नळाचं पाणी बारीक धारेने झिऱ्यात पडत होतं आणि झिऱ्याचं पाणी कडेकडेने वर येत होतं, खडकाच्या ज्या रेषा चैत्रात कधी ओल्या होत नाहीत त्या ओल्या होत होत्या. मला एकदम वाटलं, हे पाणी परकं कसं? धरण भरतं ते ओढ्यांनी. ओढे भरतात ते असल्या घळींनी. कधीतरी पावसाळ्यात हेच पाणी या उंबराखालून वाहून गेलं असेल. धरणात जाऊन बसलं, पाइपात शिरलं, आमच्या कानाजवळून घुं करत किती वर्षं गेलं, आणि आज एका बाईच्या कमरेवर बसून परत आलं. मी हे कुणाला बोललो नाही.

वाटी काठोकाठ भरली. थरथरली. मग स्थिर झाली. एक थेंबही बाहेर गेला नाही.

आजी पुढे झाली. खडकावर हात ठेवला, म्हातारीच्या पाठीवर ठेवावा तसा. "ही नवी आली," ती म्हणाली, साध्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं. "लांबून आली. तिला सांभाळून घे. आमची एक पोर अवघडलेली हाय, तिला आता खाली यायला जमायचं नाय, तर राग धरू नको. बाकीच्या येतील. मी तर येनारच, मला कुठं जायचंय?"

मग तिने डवला बुडवला, भरला आणि ताईंच्या तोंडापुढे धरला. "आता पी. आता दोघींचं हाय."

ताई प्यायल्या. डोळे मिटून. त्यांच्या गालावरून जे ओघळलं ते डवल्यातलं होतं की काय होतं मला माहीत नाही, मी बघितलं नाही, म्हणजे मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

डवला फिरला. मुख्याधिकारी प्यायले. गौतमशेठपुढे आला तेव्हा ते हळूच माझ्या कानात म्हणाले, "उकळलेलं नसणार ना रे?"

"नाही, शेठ."

त्यांनी डवल्यात बघितलं, वर बसलेल्या माणसांकडे बघितलं. इतकी माणसं, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती. त्यांनी डवला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"गोड आहे," ते म्हणाले. मग स्वतःलाच पटत नसल्यासारखं पुन्हा म्हणाले, "गोड आहे हो."

सभा पाच वाजता परत सुरू झाली. ताईंची साडी गुडघ्यापर्यंत ओली, मातीने भरलेली. राजे भिंतीवरून बघत होते. मला पुन्हा उभं केलं, कारण अहवाल अर्धाच झाला होता. मी म्हणालो, "आसणपाडा नळाचं पाणी पितो आहे." एवढंच म्हणालो.

"शेठ, तुमची सूचना?" ताईंनी विचारलं.

गौतमशेठ उठले. "मी मागे घेत नाही. माझ्या वॉर्डाचा प्रश्न आहे तो आहेच. एक दिवसाआड म्हणजे एक दिवसाआड. पण त्यांच्या नळाचा आणि माझ्या वॉर्डाचा विषय वेगळा लिहा. एकाखाली एक नको. आणि आज मताला टाकू नका."

नळ काढायचा तो विषय नंतरही कधी मताला आला नाही.

मी घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नळावर रांग होती, झिऱ्यावर असते तशीच, शांत. बुधी वहिनीचा नंबर आला. तिने हंडा भरला, मी डोक्यावर चढवून दिला. ती निघाली. एक हात हंड्याला, दुसरा गुडघ्यावर, सवयीने. घळीतून वर चढताना चालतात तशी, वाकून, मोजून पाऊल टाकत. आमचं घर नळापासून तिसरं. ती घरासमोरून गेली आणि तशीच पुढे चालत राहिली.

"अगं वहिनी!" मी ओरडलो. "घर मागं राहिलं!"

ती थांबली. वळली. घराकडे बघितलं, नळाकडे बघितलं.

"आलं पन?" ती म्हणाली.

डोक्यावर भरला हंडा घेऊन ती तिथेच उभी राहिली. दम लागलेला नव्हता.